एडी लिओनिसच्या वर्णपटात दिसलेली वाढ ज्वालाच आहे का?

डिचोलीच्या एका निरीक्षकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे आठ इंची दुर्बीण आणि अल्पी ६०० हा कमी विभेदनक्षमतेचा (म्हणजे जवळजवळच्या तरंगलांबी फारशा वेगळ्या न करणारा) वर्णपटमापक आहे. फेब्रुवारीत लागोपाठ दोन रात्री त्यांनी एडी लिओनिस या लाल बटू ताऱ्याचे वर्णपट घेतले, प्रत्येक रात्री पंधरा-पंधरा मिनिटांचे चार. पहिल्या रात्री हायड्रोजनच्या एच-आल्फा रेषेची तुल्य रुंदी (शेजारच्या प्रकाशाच्या तुलनेत रेषा किती बळकट आहे याचे माप) सरासरी ३.२ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचे एकक) आली आणि दुसऱ्या रात्री ४.१. पहिल्या रात्री हवा जरा धुरकट होती, हेही त्यांनी आवर्जून लिहिले आहे. ‘दुसऱ्या रात्री मला ज्वाला, म्हणजे ताऱ्यावरचा अचानक भडका, सापडली असे म्हणता येईल का, आणि एवढ्या साधनांवर या विषयात पुढे काही करण्यासारखे आहे का?’ असे ते विचारतात. गोव्यातून प्रॉक्सिमा सेंटॉरी या दक्षिणेकडच्या लाल बटूचा वर्णपट घेता येईल का, असाही एक उपप्रश्न आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. या आठ वर्णपटांवरून ज्वाला सापडली असे म्हणता येणार नाही, आणि सापडली नाही असेही म्हणता येणार नाही. याचे कारण तुमच्या साधनांत नाही, निरीक्षणाच्या रचनेत आहे. सूर्याच्या वर्णपटात एच-आल्फा ही गडद शोषण रेषा असते, त्यामुळे ती तेजस्वी दिसली की काहीतरी घडले असे मानण्याची आपल्याला सवय लागते. एडी लिओनिसच्या बाबतीत ती सवय सोडावी लागते. हा तारा वेगाने फिरतो, त्याचे चुंबकीय क्षेत्र बलवान आहे आणि त्याचे वर्णावरण (पृष्ठभागाच्या वरचा वायूचा थर) कायमच इतके तापलेले असते की एच-आल्फा शांत अवस्थेतही उत्सर्जनात दिसते. अशा ताऱ्यांच्या वर्णवर्गापुढे ‘ई’ हे अक्षर जोडतात ते याचसाठी. म्हणून रेषा किती उंच आहे याला एकट्याला अर्थ नाही. ती किती वेळात वर गेली आणि कशा रीतीने खाली आली, हे दिसायला हवे. मांडवीच्या धक्क्यावरचा एकच फोटो पाहून पाणी चढते आहे की उतरते आहे हे सांगता येत नाही, तशीच तुमच्या सरासरी आकड्यांची स्थिती आहे.

ज्वालेत प्रत्यक्ष काय घडते ते थोडे पाहू, कारण निरीक्षण कसे आखायचे हे त्यावरून ठरते. ताऱ्याच्या वातावरणातील चुंबकीय बलरेषा तुटून नव्याने जुळतात, त्यातून सुटलेली ऊर्जा इलेक्ट्रॉनांना वेग देते आणि ते इलेक्ट्रॉन खालच्या दाट थरांवर आदळून तिथला वायू एकदम तापवतात. याचा पहिला परिणाम सलग वर्णपटात, म्हणजे रेषा सोडून उरणाऱ्या अखंड प्रकाशात, दिसतो: काही सेकंदांत ते एक-दोन मिनिटांत साधारण ९,००० ते १०,००० केल्विन तापमानाच्या पृष्ठभागासारखा निळसर प्रकाश वाढतो. त्याबरोबर आणि त्याच्या मागोमाग हायड्रोजनच्या बामर रेषा (एच-आल्फा ही त्यांतलीच एक) चढतात. एच-आल्फाचा कळस सलग प्रकाशाच्या कळसानंतर येतो आणि तिचा उतारही संथ असतो. कॅल्शिअमची के रेषा, ३९३४ अँगस्ट्रॉमवरची, तर आणखी उशिरा कळसाला पोहोचते. वरच्या बामर रेषा याच काळात रुंद होत एकमेकींत मिसळतात, कारण दाट वायूतील आयन आणि इलेक्ट्रॉन यांची विद्युत क्षेत्रे हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्या विस्कटतात. १२ एप्रिल १९८५ रोजी याच एडी लिओनिसवर चार तासांहून अधिक काळ चाललेली एक प्रचंड ज्वाला नोंदली गेली. तिची ऊर्जा १० च्या ३४व्या घाताइतक्या अर्गच्या घरात होती, म्हणजे सूर्याच्या मोठ्या ज्वालांच्या सुमारे शंभरपट. पण ते टोकाचे उदाहरण झाले. तुमच्या वाट्याला बहुधा ज्या ज्वाला येतील त्यांचा तीव्र टप्पा मिनिटांत संपतो आणि एच-आल्फातील शेपूट पाऊण तास, फार तर दीड तास रेंगाळते. पंधरा मिनिटांच्या एक्सपोजरमध्ये चढण संपूर्ण विरघळून जाते आणि हाती उरतो तो एक फुगलेला बिंदू.

आता तुमच्या ०.९ अँगस्ट्रॉमच्या फरकाकडे येतो. मापनातली यादृच्छिक चूक किती, हे आधी काढून पाहावे. पिक्सेलमागे ३ अँगस्ट्रॉम, प्रत्येक पिक्सेलला संकेत-गोंगाट गुणोत्तर ५० आणि रेषेभोवती ३० अँगस्ट्रॉमची खिडकी धरली, तर तुल्य रुंदीतील चूक सुमारे ०.२ अँगस्ट्रॉम येते. त्या हिशेबाने तुमचा फरक खरा वाटतो. परंतु लाल बटूंच्या वर्णपटात सलग पातळी म्हणून जे आपण धरतो ते मुळात सलग नसते. टायटेनियम ऑक्साइडच्या पट्ट्यांनी सगळा लाल भाग कुरतडलेला असतो, आणि सॉफ्टवेअरवर माऊसने दोन टोके निवडून रेषा ओढली की प्रत्येक वेळी ती वेगळ्या उंचीवर बसते. केवळ एवढ्यावरून अर्धा अँगस्ट्रॉम इकडे-तिकडे होऊ शकतो. यावर उपाय सोपा आहे. एच-आल्फाच्या दोन्ही बाजूंच्या दोन खिडक्या तरंगलांबीने एकदाच ठरवाव्यात, कागदावर लिहून ठेवाव्यात, आणि दोन्ही रात्रींचे आठही वर्णपट त्याच खिडक्यांनी पुन्हा मोजावेत. नव्या निरीक्षणाआधी हे करा. फरक निम्म्यावर आला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

दुसरी शंका धुरकट हवेबद्दल. एडी लिओनिस हा सिंह राशीच्या कोयत्यातील अल्जिबा या ताऱ्यापासून जेमतेम साडेपाच कलांवर (अंशाच्या साठाव्या भागाला कला म्हणतात) आहे. शोधायला याहून सोपा लाल बटू नाही. पण अल्जिबा दुसऱ्या प्रतीचा आणि आपला तारा नवव्या प्रतीचा, म्हणजे शेजारी सुमारे आठशेपट तेजस्वी. हवेत दमटपणा किंवा धूर असला की अल्जिबाचे विखुरलेले तेज वर्णपटमापकाच्या फटीत, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या अरुंद चिरेत, उतरते. ते पार्श्वभूमी म्हणून वजा होते खरे, पण त्याची उतरण एका बाजूला असल्यामुळे वजाबाकी नेमकी होत नाही. उरलेला परका प्रकाश सलग पातळी वाढवतो आणि तुल्य रुंदी कमी दाखवतो. म्हणजे दुसऱ्या रात्री रेषा वाढली नसून पहिल्या रात्री ती पातळ झाली, अशीही शक्यता आहे. ३.२ चे ४.१ होण्यासाठी पहिल्या रात्री २८ टक्के परका प्रकाश लागेल, आणि एवढा सगळा अल्जिबाच्या माथी मारणे मला पटत नाही. पण काही टक्क्यांचा वाटा सहज असू शकतो. अल्जिबा आपल्या ताऱ्याच्या पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे झुकून आहे. त्यामुळे फट पूर्व-पश्चिम न ठेवता उत्तर-दक्षिण ठेवावी, म्हणजे पार्श्वभूमी दोन्ही बाजूंना सारखी मिळते. तुमचा माऊंट उंची-दिगंश प्रकारचा असेल तर मात्र हे साधणार नाही: गोव्याच्या साडेपंधरा अक्षांशावरून हा तारा मध्यमंडल (आकाशातील उत्तर-दक्षिण मध्यरेषा) ओलांडताना जवळजवळ डोक्यावर, ८५ अंशांहून अधिक उंचीवर असतो, आणि त्या वेळी दृश्यक्षेत्र मिनिटाला सुमारे तीन अंश फिरते. मध्यमंडलाच्या आगेमागे अर्धा तास सोडून द्यावा, किंवा विषुववृत्तीय बैठक वापरावी.

ताऱ्याच्या स्वतःच्या फिरण्याचाही विचार करायला हवा. एडी लिओनिस २.२४ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो, म्हणजे लागोपाठच्या दोन रात्रींत आपण जवळजवळ अर्धी फेरी पुढे जातो. सक्रिय प्रदेश समोर आला की रेषा वाढते. हा तारा आपल्याला जवळपास ध्रुवाकडून दिसतो, त्यामुळे इथे हा परिणाम मर्यादित राहावा, वायझेड कॅनिस मायनोरिस (फेरी २.७७ दिवस) किंवा ईव्ही लॅसर्टी (४.३७ दिवस) या दुसऱ्या लाल बटूंवर तो अधिक जाणवतो. एवढे सगळे वजा केल्यावरही फरक उरला, तर तो एखाद्या ज्वालेची ओसरती शेपूट असू शकतो. तुमच्याकडे दुसऱ्या रात्रीचे चार वर्णपट आहेत. त्यांची सरासरी न काढता चारही आकडे क्रमाने मांडा. ४.६, ४.२, ३.९, ३.७ असे उतरते दिसले तर माझे मत ज्वालेकडे झुकेल. ४.०, ४.२, ३.९, ४.३ अशी लय नसलेली चढउतार असेल तर नाही.

पुढील निरीक्षणाबद्दल बोलण्याआधी तुल्य रुंदीचा एक सापळा उलगडून सांगतो, कारण या विषयात नव्याने आलेले बहुतेक जण त्यात अडकतात. तुल्य रुंदी म्हणजे रेषेतील ऊर्जेला शेजारच्या सलग प्रकाशाने भागलेले. इतर ताऱ्यांत तो छेद स्थिर असतो. ज्वालेत तोच बदलतो. समजा ताऱ्याच्या दृश्य बिंबाच्या हजाराव्या भागावर १०,००० केल्विनचा डाग पेटला आणि उरलेले बिंब ३,४०० केल्विनचे आहे. प्लँकच्या सूत्राने हिशेब केला तर ३६०० अँगस्ट्रॉमला, म्हणजे अतिनील सीमेवर, तारा जवळजवळ साडेतीनपट होतो. ४४०० अँगस्ट्रॉमला, निळ्यात, सुमारे ६० टक्क्यांनी वाढतो. आणि एच-आल्फापाशी फक्त ८ टक्क्यांनी. प्रत्यक्ष ताऱ्याचा वर्णपट कृष्णपदार्थासारखा गुळगुळीत नसल्यामुळे आकडे थोडे हलतील, पण प्रमाण हेच. आता डाग दसपट मोठा धरा. एच-आल्फापाशी सलग प्रकाश ७९ टक्क्यांनी वाढेल. त्याच क्षणी रेषेतील ऊर्जा दीडपट झाली असली, तरी तुल्य रुंदी १.५ भागिले १.७९, म्हणजे आधीच्या ८४ टक्के भरेल. ज्वाला कळसावर असताना तुमचा आलेख खाली गेलेला दिसेल! म्हणून तुल्य रुंदी नुसती मांडू नये. तिला त्या-त्या वेळच्या सलग तेजाने गुणून मगच आलेख काढावा.

ते तेज कुठून आणायचे? फटीच्या वर्णपटमापकातून ते मिळत नाही, कारण गायडिंग (तारा फटीवर धरून ठेवणे) जरा हलले की फटीत शिरणारा प्रकाश बदलतो. त्यासाठी शेजारी दुसरी लहान दुर्बीण हवी. ८० मिलिमीटरचे भिंग, साधा मोनोक्रोम सीमॉस कॅमेरा आणि निळा बी फिल्टर एवढे पुरते. वरच्या हिशेबातून निळाच का, हे लक्षात आलेच असेल. एक्सपोजर १० ते २० सेकंदांचे ठेवावे. इथेही अल्जिबा आडवा येतो, म्हणून चौकटीची रचना अशी करावी की एडी लिओनिस पूर्वेच्या कडेला राहील, अल्जिबा चौकटीबाहेर जाईल आणि तुलनेचे तारे पश्चिमेकडून घेता येतील. दुसरी दुर्बीण तूर्त शक्य नसेल तर वर्णपटातूनच एक अप्रत्यक्ष खूण मिळते. टायटेनियम ऑक्साइडचे पट्टे थंड पृष्ठभागाचे असतात. त्यांवर तप्त डागाचा गुळगुळीत प्रकाश पसरला की ते उथळ होतात. ४९५४ आणि ५१६७ अँगस्ट्रॉमपाशी सुरू होणाऱ्या पट्ट्यांची खोली प्रत्येक वर्णपटात मोजा. लाल भागातल्या ७०५४ च्या पट्ट्यापेक्षा हे निळसर पट्टे अधिक संवेदनशील आहेत. लहान ज्वालेत फरक गोंगाटात बुडेल, मोठीत मात्र तो डोळ्यांना दिसतो, आणि फटीत शिरलेल्या प्रकाशाच्या प्रमाणावर तो अवलंबून नसतो हे त्याचे बळ आहे.

एक्सपोजर किती ठेवावे, हे तुमच्या आकाशावर आणि कॅमेऱ्यावर अवलंबून आहे. मी फोंड्याच्या गच्चीवरून याच आकाराच्या दुर्बिणीने दोन ते तीन मिनिटांच्या मध्ये राहतो. आजच्या सीमॉस कॅमेऱ्यांचा वाचन-गोंगाट (प्रत्येक चित्र वाचताना कॅमेरा स्वतः मिसळतो तो गोंगाट) इतका कमी आहे की छोटे तुकडे घेऊन नंतर बेरीज करण्यात फारसे नुकसान होत नाही. मोठा तुकडा मात्र नंतर फोडता येत नाही. एच-बीटा (४८६१) आणि एच-गॅमा (४३४१) यांकडेही लक्ष असू द्या. शांत ताऱ्याच्या तुलनेत ज्वालेत या रेषा एच-आल्फापेक्षा अधिक पटींनी वाढतात, आणि तीन रेषा एकदम वर गेल्या तर सलग पातळीच्या चुकीने तसे झाले असेल ही शंका मिटते. हेलियमची ५८७६ ची रेषा दिसू लागली तर ज्वाला बऱ्यापैकी जोरकस आहे असे समजावे. फक्त ती सोडियमच्या जोडरेषेच्या शेजारी असते आणि जवळ सोडियमचे दिवे असतील तर तिथली वजाबाकी तपासून पाहावी. पाऱ्याच्या दिव्यांची ४३५८ ची रेषाही एच-गॅमापासून १७-१८ अँगस्ट्रॉमवरच आहे. अल्पी त्या दोघींना वेगळे करतो. फट नसलेल्या साध्या ग्रेटिंगला ते जमणार नाही.

वेळेची नोंद हा विषय कंटाळवाणा वाटतो, पण नेमका तोच पुढे नडतो. नासाचा टेस उपग्रह २०१८ पासून आकाशाच्या एकेका पट्ट्यावर सुमारे २७ दिवस नजर ठेवतो आणि त्याची निरीक्षणे सर्वांना खुली आहेत. तुमच्या रात्री टेसच्या काळात पडल्या तर तुम्हाला विनासायास जोडीचे प्रकाशमापन मिळते. मात्र टेसच्या वेळा सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याला धरून दिलेल्या असतात. एडी लिओनिस क्रांतिवृत्ताजवळ असल्यामुळे वर्षभरात हा फरक दोन्ही बाजूंना आठ मिनिटांपर्यंत जातो, शिवाय कालमापन पद्धतीतील मिनिटाहून थोडा अधिक फरक वेगळा. ही दुरुस्ती न करता दोन आलेख शेजारी ठेवले, तर एच-आल्फाचा कळस सलग प्रकाशाच्या आधीच आला असा विपरीत निष्कर्ष निघू शकतो. लॅपटॉपचे घड्याळ रात्रीच्या सुरुवातीला इंटरनेटशी जुळवा आणि फाइलमध्ये जागतिक वेळच लिहा. आणखी एक गोष्ट: टेस ६,००० ते १०,००० अँगस्ट्रॉमच्या लाल भागात पाहतो. वरच्या हिशेबाप्रमाणे तिथे ज्वालेचा उठाव सर्वांत कमी असतो, तेव्हा टेसमध्ये काही न दिसणे हा ज्वाला नसल्याचा पुरावा नव्हे. जपानमधील ३.८ मीटरच्या सेइमेई दुर्बिणीने आणि टेसने मिळून वायझेड कॅनिस मायनोरिसवर केलेले काम २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात श्वेत प्रकाशात भडका नसताना एच-आल्फात सुमारे तासभर ज्वाला दिसली होती.

त्याच कामात रेषेची निळी बाजू सेकंदाला ८० ते १०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येणाऱ्या वायूमुळे फुगलेली आढळली. असे काही आपल्यालाही दिसेल का, असा मोह तुम्हाला पुढे होणारच, म्हणून आताच सांगतो. अल्पीची विभेदनक्षमता ६०० म्हणजे एच-आल्फापाशी ११ अँगस्ट्रॉम, वेगाच्या भाषेत सेकंदाला ५०० किलोमीटर. या ताऱ्याचा मुक्तिवेगच ६०० च्या आसपास आहे. १०० किलोमीटरचा फुगवटा तुमच्या यंत्रात रेषेच्या आतच गडप होईल, आणि उलट गायडिंगमध्ये तारा फटीच्या एका कडेला सरकला तर खोटी सरक दिसेल. द्रव्यउत्सर्जनाचा दावा या साधनावर करू नये. ज्यांच्याकडे २४०० रेषांच्या ग्रेटिंगचा, १५,००० च्या आसपास विभेदनक्षमतेचा वर्णपटमापक आहे त्यांना २० किलोमीटरपर्यंत उतरता येते, पण तेवढ्या पसरलेल्या प्रकाशात नवव्या प्रतीचा तारा आठ इंचांना फार मंद पडतो आणि एक्सपोजर पुन्हा अर्ध्या तासावर जाते. लडाखमधील हानलेच्या २ मीटर हिमालयन चंद्र दुर्बिणीकडे तुमच्या शंभरपट प्रकाश गोळा होतो. तो प्रश्न तशा दुर्बिणींचा आहे. तुमच्या साधनाचे काम वेगळे: एकाच ताऱ्यावर, रात्रीमागून रात्र, न कंटाळता, सगळ्या रेषांची एकत्र वेळमालिका. मोठ्या दुर्बिणींवर एवढा सलग वेळ सहसा कोणाला मिळत नाही.

वाट पाहण्याची तयारी मात्र हवी. मोजता येण्याजोगी ज्वाला सरासरी तीन तासांतून एक येते असे धरले, तर चार तासांच्या निरीक्षणात एकही न येण्याची शक्यता २६ टक्के उरते. चारातली एक रात्र रिकामी जाणार. ‘मोजता येण्याजोगी’ याचा अर्थ तुमच्या गोंगाटावर ठरतो, आणि मोठ्या ज्वाला लहानांपेक्षा झपाट्याने विरळ होत जातात, त्यामुळे हे प्रमाण प्रत्येकाचे वेगळे निघेल. ज्वाला न आलेल्या रात्री फेकू नका. शांत पातळी त्यांतूनच कळते आणि दर काढताना निरीक्षणाचा एकूण वेळ छेदात घालावा लागतो. एका रात्रीत तीन तारे फिरण्याचा मोहही आवरावा.

गोव्याच्या हवेबद्दल थोडे. आपला खरा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. चवथीनंतर पाऊस ओसरू लागला की ईव्ही लॅसर्टी संध्याकाळी चांगल्या उंचीवर असतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यावर काम होते. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या धुरात काही करू नये एवढेच. डिसेंबर-जानेवारीत वायझेड कॅनिस मायनोरिस, अकराव्या प्रतीचा आणि म्हणून एक्सपोजर वाढवायला लावणारा. जानेवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत एडी लिओनिस. मध्यरात्रीनंतर दव पडते. सुधारक भिंगावर तापपट्टी लावली नाही तर प्रकाश इतका हळूहळू घटतो की निरीक्षकाच्या लक्षातही येत नाही. उच्च विभेदनक्षमतेवर एच-आल्फाच्या अवतीभवती बाष्पाच्या बारीक रेषा उमटतात आणि किनाऱ्याच्या हवेत त्या ठळक असतात. अल्पीत त्या वेगळ्या दिसत नाहीत. यंत्राचा प्रतिसाद काढण्यासाठी तासातून एकदा मघा ताऱ्याचा वर्णपट घ्यावा, तो आठ अंशांवरच आहे आणि त्याच्या ठळक बामर शोषण रेषा तरंगलांबी तपासायलाही उपयोगी पडतात. तरंगलांबीसाठी निऑन-आर्गॉनचा दिवा हवा. ट्यूबलाइटच्या काही स्टार्टरांत हेच वायू असतात आणि हौशी मंडळी तेच वापरतात, मात्र उघड्या २३० व्होल्टशी खेळ असल्यामुळे तो बंद डबीत बसवून घ्यावा. जून ते सप्टेंबर दुर्बीण कपाटात नुसती ठेवू नका. बुरशी भिंगाच्या लेपावर एकदा बसली की निघत नाही. हवाबंद पेटी आणि दर पंधरवड्याला तापवून कोरडी केलेली सिलिका जेल, एवढे पुरते.

प्रॉक्सिमाचे उत्तर: दिसतो, पण उपयोग बेताचा. तो मित्र (आल्फा सेंटॉरी) या ताऱ्यापासून सुमारे दोन अंशांवर, अकराव्या प्रतीचा आहे. गोव्यातून त्याची कमाल उंची बारा अंशांच्या आतच राहते, आणि एप्रिल-मे महिन्यांत रात्री तो दक्षिणेला येतो तेव्हा हवेत बाष्प वाढलेले असते. इतक्या खाली वातावरण डोक्यावरच्या जवळपास पाचपट जाड होते. निळा प्रकाश सर्वाधिक गिळला जातो, आणि ज्वालेची खूण तर निळ्यातच असते. शिवाय वातावरण स्वतःच लोलकासारखे वागून निळी आणि लाल प्रतिमा काही विकलांनी वेगळी करते, त्यामुळे फट क्षितिजाला लंब ठेवली नाही तर एक रंग आत आणि दुसरा बाहेर राहतो. मार्च २०१६ मध्ये त्यावर झालेल्या महाज्वालेत तो काही मिनिटे ६.८ व्या प्रतीपर्यंत चढला होता, म्हणजे नेहमीच्या सुमारे ६८पट; तसे काही घडले तर बारा अंशांवरूनही दिसेल. फक्त एच-आल्फाची शांत पातळी नोंदवायची असेल तर काबो द रामसारखी दक्षिणेला समुद्र मोकळा असलेली जागा निवडा, पाच मिनिटांचे तुकडे घ्या, आणि परतल्यावर दुर्बिणीवरचा खारा थर त्याच रात्री पुसून काढा.